चाकांवरचे घर आणि धर्मकाटा

मनुष्याला किती पुरे, हा प्रश्न फार जुना आहे, आणि जुन्या प्रश्नांचे जे होते तेच त्याचेही झाले आहे. त्याची उत्तरे सर्वांना पाठ असतात आणि ती कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. अपरिग्रहावरचे व्याख्यान ऐकून घरी आलेला गृहस्थ माळ्यावरची एकही वस्तू खाली काढीत नाही. तो ढोंगी असतो असे आम्ही म्हणणार नाही. घराला माळा असतो, माळ्यावर जागा असते, आणि जागा आहे तोवर 'हे कशाला हवे?' असे विचारण्याची निकड कोणास भासत नाही. ज्या घरात प्रत्येक वस्तूला आपल्या असण्याचे समर्थन करावे लागते, असे घर आम्ही आयुष्यात एकच पाहिले. ते दापोऱ्यास पाहिले, आणि ते चाकांवर होते.

दापोरा हे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याचे गाव. बऱ्हाणपूर २००३ साली खंडव्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. पण तापीच्या खोऱ्यातील काळ्या मातीला जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या सीमा कधीच ठाऊक नव्हत्या. रावेरच्या शिवारात जी केळी, तीच येथे. घड उतरले की ते ट्रकांतून उत्तरेकडे जातात, आणि माल नाशवंत असल्यामुळे ट्रक वाटेत फार वेळ थांबत नाही. आमच्या तेथील एका स्नेह्यांची केळीची बाग आहे आणि दोन मालट्रक आहेत. पन्नाशी उलटली, मुले मार्गी लागली, तेव्हा ह्या गृहस्थांच्या मनाने घेतले की पत्नीसह लडाख आणि स्पिती पाहावयाचे. तेही यात्रा-कंपनीच्या मागून न जाता, आपले घर बरोबर घेऊन.

त्यांचा पहिला विचार असा होता की, दोन ट्रकांपैकी जुन्याचा हौदा उतरवून तेथे खोली बसवावी. ट्रक आपल्या मालकीचा, मग आडकाठी कोणाची? येथे आमचा वकील म्हणून प्रवेश झाला. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ह्या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. वाट होती ती निराळी. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खाजगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत स्थान आहे. तेव्हा नवी चासी घ्यावी, नियमांत बसेल असा सांगाडा तिच्यावर चढवावा आणि त्या वर्गात नोंदणी करावी. ट्रकची नुसती चासी विकत घेऊन तिच्यावर कारागिराकडून बॉडी बांधवून घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. स्नेह्यांनी चासी आणली, आणि पुढची दोन वर्षे त्यांच्या अंगणात जे चालले ते आम्ही येता-जाता पाहत राहिलो.

त्या कामातील मुख्य अडचण कोणती, हे आम्हांस प्रथम तेथेच कळले. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब पोलादी तुळया. खडबडीत वाटेवर पुढचे एक चाक दगडावर आणि मागचे दुसऱ्या बाजूचे खड्ड्यात गेले की ह्या तुळया पिळल्या जातात. त्यांनी पिळले जावे, म्हणजे चारी चाके जमिनीस लागून राहतील, अशीच त्यांची घडण असते. घराच्या भिंतींना मात्र हा पीळ सोसत नाही. कोपरे उकलतात, काच तडकते, दार अडकते. म्हणून घर चासीवर घट्ट आवळीत नाहीत. मध्ये दुसरी चौकट घालतात आणि ती तीन जागी अशी टेकवितात की, खाली चासी पिळली तरी वरचे घर सरळ राहावे. भिंतींसाठी फायबरग्लासच्या दोन पातळ पत्र्यांत फोम दाबून केलेल्या फळ्या वापरल्या. त्यांतून लोखंडाची एखादी पट्टी आरपार गेली तरी थंडीत आतली वाफ नेमकी तेथे जमून पाणी ठिबकते, हे पहिल्या हिवाळ्यात कळले आणि चार पट्ट्या बदलाव्या लागल्या. ट्रकचे पाटे भरल्या मालासाठी घडविलेले असतात. हलक्या घराखाली ते ताठ राहून भांडी फोडतात. म्हणून एक पाता काढावा, असीरगडापर्यंत गाडी नेऊन आणावी, पुन्हा काही बदलावे, पुन्हा न्यावी, असे कित्येक फेरे झाले.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वजन. चासीला किती भार सोसेल हे कारखान्याने ठरविलेले असते, आणि नोंदणीपत्रातील वजनाहून अधिक भार घेऊन गाडी चालविणे हा गुन्हा आहे. ह्या एका आकड्यापुढे सर्व हौसेला मान लववावी लागते. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो; ह्यात युक्तिवादास जागा नाही. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त, परंतु जड. लिथियमच्या महाग, पण तेवढ्याच कामाला कितीतरी हलक्या. घरगुती सिलिंडरात गॅस १४.२ किलो, पण त्याच्याभोवतीचे लोखंड जवळजवळ तेवढेच. वहिनींनी खलबत्ता ठेवावयाचा म्हटले, तो गेला. स्नेह्यांनी पुस्तकांची पेटी ठेवावयाची म्हटले, तीही गेली. प्रेशर कुकर मात्र राहिला, कारण लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. गरज कोणती आणि चैन कोणती, ह्याविषयी आम्ही तत्त्वज्ञांचे पुष्कळ वाद वाचले आहेत. कुकर आणि खलबत्ता ह्यांचा निकाल इतक्या स्वच्छपणे लागलेला आम्ही दुसरीकडे पाहिला नाही. हे घर म्हणजे संयमाची शाळाच आहे, असे आम्ही स्नेह्यांना म्हणालोही. त्या वेळी आमचा त्यावर विश्वास होता.

घर पुरे झाले तेव्हा शेवटच्या वजनासाठी आम्हीही बरोबर गेलो. गाडीसकट वजन करण्याच्या काट्याला त्या भागात 'धर्मकाटा' म्हणतात. हा शब्द आम्हांस नेहमीच फार आवडत आला आहे. विकणाऱ्याचा काटा विकणाऱ्याच्या बाजूने झुकतो, घेणाऱ्याचा घेणाऱ्याच्या. जो दोघांचाही नाही तो धर्माचा. न्यायासनाची ह्याहून सुटसुटीत व्याख्या आम्हांला करता येणार नाही.

गाडी काट्यावर चढली. चालवीत होते ते स्नेह्यांचे जुने ड्रायव्हर. बावीस वर्षे ते ह्यांच्या ट्रकांवर आहेत. घरातली सर्व माणसे त्यांना 'मामा' म्हणतात. हिमालयातील रस्ते स्नेह्यांना झेपणारे नव्हते, तेव्हा मामा बरोबर जाणार हे पहिल्यापासून ठरलेलेच होते. काटेवाल्याने विचारले, "माणसे धरून की सोडून?" स्नेही म्हणाले, "आम्ही दोघे धरून करा. प्रवासात जसे असणार तसेच हवे." आणि ते पत्नीसह मागच्या घरात जाऊन बसले. मामा मात्र इंजिन बंद करून सवयीने खाली उतरले आणि आमच्या शेजारी येऊन उभे राहिले. मालाच्या धंद्यात ड्रायव्हरने काट्यावर बसावयाचे नसते. त्याचे वजन मालात मिसळते आणि हिशेब चुकतो. चिठ्ठी निघाली. वजन मर्यादेच्या आत होते. स्नेही आनंदाने उतरले.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की, ह्या घराच्या हिशेबात मामा कोठेच नाहीत. पलंग दोघांचा, ताटे चार, डिझेलवर चालणारा हीटर मागच्या खोलीपुरता. आम्ही मामांना विचारले, "रात्री तुम्ही निजणार कोठे?" ते म्हणाले, "कॅबिनमध्ये, साहेब. दुसरीकडे कुठं?" त्यांच्या स्वरात तक्रार मुळीच नव्हती. तक्रार असती तर आम्हांला बरे वाटले असते.

आमचा धंदा कायद्याचा. म्हणून आधी कायद्याचे सांगतो. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, आणि जेथे रात्रीचा मुक्काम करावा लागतो तेथे विश्रांतीची खोली, हे त्याने चालकाला देऊ केले होते. पण कायदा लागू होई तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. स्नेह्यांचे दोन ट्रक, दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर, म्हणजे चार. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन झाला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने ही रेषा पाचावरून दहावर नेली. कॅबिनचे म्हणाल, तर डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या कॅबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिला ट्रक १९५४ साली बाहेर पडला. म्हणजे ट्रक चालविणाऱ्यालाही उन्हाळा लागतो, हे कायद्याच्या लक्षात येण्यास सत्तर वर्षे लागली.

हे आम्ही एवढ्या अधिकाराने सांगतो त्याला एक कारण आहे, आणि ते लपविणे बरे नव्हे. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत एका वाहतूकदाराच्या वतीने आम्ही उभे राहिलो होतो. त्यांच्याकडे कामगार चार की पाच, एवढाच मुद्दा होता. पाचवा क्लीनर होता. तो सकाळ-संध्याकाळ त्यांच्याच गाड्या धूत असे. पण कागदोपत्री तो त्यांच्या मेहुण्यांच्या ट्रकवर होता. कागद आम्ही तयार केले नव्हते. आमच्यापुढे आले ते आम्ही न्यायालयापुढे नीट मांडले. कामगार चार ठरले, कायदा लागू नाही असे ठरले, आणि आम्ही जिंकलो. त्या दिवशी आम्ही खोटे बोललो नाही. मात्र एक मनुष्य मोजणीतून खाली उतरला आणि मोजणी बरोबर आली.

चाकांवरच्या घराचा हा दोष आजचा नाही, हे बऱ्हाणपूरच्या मातीत राहणाऱ्यास तरी सांगावयास नको. मोगल बादशहा प्रवासास निघे तेव्हा त्याच्या तंबूंचे दोन संच असत. एका मुक्कामी बादशहा असताना दुसरा संच, ज्याला पेशखाना म्हणत, पुढच्या मुक्कामी उभा राही. चालते घर ह्याहून भव्य कोणते असणार? शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी १६३० ते १६३२ ह्या काळात बऱ्हाणपुरास होता. मुमताजमहल जून १६३१ मध्ये येथेच वारली. त्याच काळात गुजरात आणि खानदेशात भयंकर दुष्काळ पडला. पीटर मंडी हा इंग्रज १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास निघाला. त्याने वाटेवर पडलेली प्रेते नोंदली आहेत, आणि बैलांवर धान्य लादून बऱ्हाणपूरकडे निघालेले बंजाऱ्यांचे तांडेही नोंदले आहेत. ते धान्य शाही फौजेसाठी होते. छावणीच्या आतला हिशेब चोख होता. बाहेरचा कोणी ठेवलाच नव्हता.

हौसेच्या घराचा इतिहासही ह्याला अपवाद नाही. गॉर्डन स्टेबल्स ह्या निवृत्त आरमारी डॉक्टराने १८८५ साली इंग्लंडात 'वाँडरर' नावाचे, घोड्यांनी ओढावयाचे, सुमारे दोन टनांचे घर बांधविले आणि त्यातून तो स्कॉटलंडपर्यंत गेला. त्याच्याबरोबर गाडीवान होता आणि एक नोकर होता. नोकर तीनचाकी सायकलीवर पुढे जाऊन वाट मोकळी आहे की नाही ते पाहत असे. स्वच्छंद भटकंतीच्या ह्या पहिल्या नमुन्यातही स्वच्छंद एकाचाच होता. गोव्यातील वाचकांना दुसरे चित्र आठवेल. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून जुन्या बसगाड्या आणि ट्रक हणजुण्याच्या किनाऱ्यापर्यंत येत. १९७९ मध्ये इराणात आणि अफगाणिस्तानात जे घडले त्याने ती वाट बंद पडली. त्या लोकांच्या राहणीविषयी गोव्यात बरेवाईट पुष्कळ बोलले गेले आहे. पण त्यांच्या गाड्यांत मालक आणि चालक पुष्कळदा एकच असे. जो चालवी तो आतच निजे. आपल्याकडे तसे होणे कठीण. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशी घरे आता वाढतील, आणि ज्या समाजात चालक हा जवळजवळ नेहमीच दुसरा मनुष्य असतो, तेथे हा प्रश्नही वाढेल.

आमचे बोलणे स्नेह्यांना लागले. ते म्हणाले, "वकीलसाहेब, मामांना मी पगार देतो, भत्ता देतो. हिमालय त्यांनाही दिसेल. आणि आत निजा म्हटले तर ते निजणार आहेत का? त्यांनाच विचारा." मामांना विचारले. ते हसून म्हणाले, "मला तिथं झोप यायची नाही. कॅबिनच बरी."

आता हे उत्तर साधे वाटते, पण सगळा प्रश्न त्यातच आहे. कायद्यात संमती मिळाली की बहुतेक वाद मिटतात. आणि ही संमती खरी होती, तिच्यात धाक नव्हता, लोभ नव्हता. तरीही बावीस वर्षे ज्याला फळीवाचून दुसरे काही मिळालेच नाही, त्याने फळी पसंत केली, तर ती पसंती कोणाची? सवय ही संमतीसारखी दिसते, आणि ज्याच्या सोयीची असते त्याला तर ती हुबेहूब संमतीच वाटते. उलट, 'तुला तुझे हित कळत नाही' असे म्हणून मामांना आत निजविणे, हाही त्यांचा एक प्रकारे अपमानच. स्नेही आमच्यावर उलटले ते ह्याच जागी. "तुमच्या कचेरीत कारकुनाला बसायला कोणती खुर्ची आहे, ती एकदा पाहून या," असे ते म्हणाले. आम्ही पाहिली. तिच्याविषयी येथे लिहीत नाही. ती बदलली, एवढे सांगतो.

आमच्या मते ह्या पेचातून वाट अशी आहे. दुसऱ्याची पसंती बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्याच्यापुढे निवडीसाठी काय ठेवले, ह्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो. मामांना कॅबिन हवी होती. थंड कॅबिन हवी आहे, असे ते म्हणाले नव्हते. तेथे थंडी असणार हे त्यांनी गृहीत धरले होते, कारण आम्ही सर्वांनीच ते गृहीत धरले होते.

स्नेही काही दिवस रागावून होते. मग एका पावसाळी दुपारी त्यांनी आम्हांस बोलावले. कॅबिनच्या छताला आणि मागच्या भिंतीला आतून फोमचे अस्तर दिले होते. सीटमागे, पाठ टेकता येईल इतकी रुंद, गादी असलेली फळी बसविली होती, आणि एक लहान हीटर स्वतंत्र लावला होता. सगळ्याचे मिळून वजन तीस किलोंच्या आत भरले. त्यासाठी मागच्या घरातली नहाणीची काचेची आडभिंत निघाली. तिच्या जागी पडदा आला. दोन वर्षे आम्ही ग्रॅमाग्रॅमाचा विचार करीत होतो, आणि ह्या तीस किलोंना जागा नव्हती असे नव्हे. ते कोणाच्या यादीतच नव्हते. चूक मोठी असती तर मनाला थोडे समाधान तरी असते. ती इतकी हलकी निघाली ह्याचीच लाज अधिक.

संयमाविषयीचे आमचे मत तेव्हापासून थोडे बदलले आहे. वस्तू कमी करणे हा गुण खराच, आणि तो शिकविण्यात ट्रकसारखा गुरू नाही. परंतु कमी करण्याच्या भरात आपण कशाची आणि कोणाची मोजणी सोडली, हे तो गुरू सांगत नाही. काटा त्याच्यावर जे ठेवाल तेच तोलतो. खाली कोण उतरले, हे पाहणे काट्याचे काम नव्हे. ते माणसाचे आहे, आणि धर्म शब्द त्या कामालाच अधिक शोभतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वजन झाले. मामा सवयीने उतरू लागले. स्नेह्यांनी मागच्या खिडकीतून हाक मारली, "मामा, बसून राहा. तुम्हाला धरूनच करायचे आहे." मामा बसले, पण त्यांना ते अवघड वाटले, असे आम्हांस दिसले. चिठ्ठी निघाली, वजन ह्या खेपेसही मर्यादेत होते.

गाडी गेली. आम्ही आमच्या कचेरीत परत आलो. चार आणि पाच ह्यांच्या त्या जुन्या प्रकरणाचे कागद आमच्या कपाटात अजून आहेत. त्या निकालावर अपील झाले नाही, मुदत केव्हाच टळली आहे, आणि तो निकाल आमच्या बाजूने कायम आहे.